गंजलेल्या लेथचे आटे : कुर्ल्याच्या गाळ्यातल्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

ताडपत्री काढली आणि पोटात धस्स झालं. पाच वर्षं लेथ, म्हणजे जॉब गोल फिरवून कापायचं यंत्र, झाकून ठेवला म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण घात त्या ताडपत्रीनेच केला. ओल आत अडकून राहिली. वरून पाणी कुठेच गळलेलं नाही, तरी बेडवर तांबूस थर आहे आणि जिथे जिथे आटे, म्हणजे स्क्रूचे पेच, आहेत तिथे गंज दाट बसलाय. तेल आट्यांच्या टोकांवरून आधी ओघळतं आणि मीठ-धूळ खाचेत जाऊन बसते, म्हणून आधी आटेच जातात.

लेथ मामांचा. लालबागच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. १९८२ च्या संपानंतर ते काम गेलं, तेव्हा त्यांनी हा छोटा बेंच लेथ जुन्यात घेतला आणि कुर्ल्याच्या या गाळ्यात जॉबवर्क सुरू केलं. गुडघ्यांनी हात टेकले तोपर्यंत रोज चालवला. नावाची पट्टी केव्हाच गेलेली आहे, मामा त्याला 'विलायती' एवढंच म्हणतात. स्पिंडलचं (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) नाक, म्हणजे पुढचं आटे असलेलं टोक, १⅛ इंच, इंचाला १२ आटे. मायफर्ड एमएल ७ या इंग्लिश लेथला हेच माप असतं, त्यामुळे नाकावर चढणारे चक (जॉब धरायचे जबडे) आणि फेसप्लेट (जॉब बांधायची चकती) जुन्या बाजारात मिळू शकतात. नाक वाचवणं म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं.

आज फक्त पाहणी केली. बिघाड असे :

स्पिंडलच्या नाकावर गंज, पुढचे अडीच-तीन आटे ठेचलेले. चक चढतच नाही.

क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचा, स्क्रू गनमेटलच्या (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूच्या) नटात जाम. हँडल तसूभर हलत नाही.

जिबचे, म्हणजे सरकत्या भागाची ढिलाई घालवणाऱ्या पट्टीचे, पाचही छोटे स्क्रू गंजून एकजीव झालेले.

सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, लॉक करायचा बोल्ट अर्धा आत, वाकडा. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सॅडलमधल्या भोकाचे आटे कसे आहेत ते बोल्ट निघाल्यावरच कळेल.

एटीएफ, म्हणजे गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून सगळ्या जाम जागी थेंब थेंब सोडलं. बाटली दर वेळी हलवावी लागते, दोन्ही वेगळी होतात. ॲसिटोन लगेच पेट घेतं, म्हणून आज बत्ती पेटवायची नाही असं ठरवूनच गेलो होतो.

२२ जून, शनिवार

सॅडलचा बोल्ट सुटला. आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन दोन थेंब सोडत होतो. आज पान्हा लावून आधी आवळायच्या दिशेला किंचित दाबलं, मग सोडायच्या. असं मागे-पुढे चाळीसेक वेळा. पहिल्यांदा 'टक्' असा आवाज आला तेव्हा हात थांबवला आणि पुन्हा तेल सोडलं. नुसतं सोडायच्या दिशेला जोर लावला असता तर बोल्ट तुटून आत राहिला असता.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढे मी जे केलं ते या अख्ख्या कामातलं सगळ्यात महागात पडलं.

बोल्टला व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावलं, ७.८५ मिमी आलं. मी धरलं की आठाचा आहे, थोडा झिजलाय. भोकातले आटे 'साफ' करायला एम ८ चा (आठ मिलिमीटरच्या मेट्रिक मापाचा) टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, घातला. पहिले तीन आटे हाताने गेला. चौथ्याला जड झाला. मला वाटलं गंज आहे. हँडलने अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे करत उतरवत गेलो. बिडाचा काळा भुगा बाहेर येत होता, तोही मला गंजच वाटला. टॅप काढून टॉर्च मारली तर आत आट्यांऐवजी नुसती चुरगळलेली भिंत.

घरी आल्यावर बोल्ट पुन्हा हातात घेतला. मेट्रिकचं पिच गेज, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर जुळवून बघायची दातेरी पानं, लावलं. १.२५ चं पान पहिल्या दोन आट्यांत बसल्यासारखं वाटतं, पण टोकाकडे उजेड दिसतो. एकाही पानाशी मेळ बसत नाही.

३० जून, रविवार

बोल्ट घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, नखाने आटे चाचपले आणि म्हणाले, "अरे, हा बीएसएफ आहे. पाच सोळांशी. या मशीनवर मिलिमीटरचं काही नाही रे, मी स्वतः नंतर घातलेलं सोडून."

मी टॅप मारल्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ बोल्ट बोटांत फिरवत बसले. मग एवढंच विचारलं, "किती आत गेला होतास?"

हिशोब असा आहे. बीएसएफ म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, बारीक आट्यांचं जुनं इंग्लिश माप. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. आठाच्या बोल्टची बाहेरची जाडीही सात-पॉइंट-आठ-नऊच भरते, त्यामुळे व्हर्निअर इथे फसवतं. फरक पिचमध्ये आहे. बीएसएफला इंचाला २२ आटे, म्हणजे पिच १.१५५ मिमी. एम ८ ची पिच १.२५. एका आट्याला फरक जेमतेम ०.१ मिमी, म्हणून पहिले दोन-तीन आटे टॅप गोडीने जातो. पाचव्या आट्यापर्यंत तो जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने सरकलेला असतो. म्हणजे जुन्या आट्याच्या खाचेत नाही, बरोब्बर डोक्यावर. तिथून पुढे तो जुने आटे कापून टाकतो. शिवाय बीएसएफचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०.

हे करून बसण्याआधी हा लेख कोणाच्या हाती लागला तर एवढंच करा : जुन्या इंग्लिश मशीनला हात लावायच्या आधी व्हिटवर्थचं, म्हणजे ५५ अंशांच्या इंग्लिश आट्यांचं, पिच गेज विकत आणा. मला ते २६० रुपयांना मिळालं. ते आधी घेतलं असतं तर पुढचे दोन हजार आणि तीन रविवार वाचले असते. गेजची पानं उजेडासमोर धरून कमीत कमी सहा-सात आट्यांवर लावायची. दोन आट्यांवर कुठलंही पान बसतं.

संध्याकाळी गाळ्यात जाऊन सगळे आटे मोजून वहीत लिहिले. टूलपोस्टचा, म्हणजे टूल धरणाऱ्या ठोकळ्याचा, स्टड ३/८ बीएसएफ, इंचाला २०. यालाही एम १० बारीक पिचचा नट सैलसर चढतो, कारण १.२७ आणि १.२५ मध्ये फरक केसाएवढा. जिबचे स्क्रू दिसतायत तसे २ बीए (छोट्या स्क्रूंचं जुनं इंग्लिश माप) असावेत. क्रॉस स्लाइडचा स्क्रू ॲक्मे (सपाट तळाच्या आट्यांचा), इंचाला १०, आणि डावा, म्हणजे उलट्या दिशेच्या आट्यांचा. तो डावा आहे हे वहीत लाल शाईने लिहिलंय.

७ जुलै, रविवार

जिबचे पाचही स्क्रू निघाले. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याची खात्री करून बारीक बत्तीने फक्त जिबच्या आजूबाजूचं बीड हळूहळू कोमट केलं आणि मग मेणबत्ती स्क्रूच्या कडेला टेकवली. मेण वितळून आत ओढलं जातं. दोन स्क्रू यानेच सुटले. बिडाला एका जागी भडका देऊ नये, तडा जातो. हाताला चटका बसेल एवढंच गरम पुरे.

स्क्रू पातळ लिंबूसत्वात टाकले, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. संध्याकाळचे सहा वाजले होते. सकाळी कामावर जाताना काढीन असा विचार केला.

९ जुलै, मंगळवार

काल काढता आले नाहीत. रविवारी रात्री एक ते सोमवारी सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिमीहून जास्त पाऊस पडला. मध्य रेल्वे ठप्प. मुलुंडच्या फलाटावर दोन तास उभा राहून परत घरी गेलो. गाळा पहिल्या मजल्यावर असल्यामुळे पाण्याची काळजी नव्हती, पण डबा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

आज अकराला पोचलो. स्क्रू चाळीस तासांहून जास्त ॲसिडमध्ये होते. बाहेर काढले तर काळी शाई चढल्यासारखे. ब्रशने घासून धुतले. गंज गेलाच, त्याबरोबर लोखंडही गेलं. आट्यांची टोकं सुरीच्या धारेसारखी पातळ झालीयत. ४.७ मिमीचे स्क्रू ४.४५ भरले. भोकात घातले तर खुळखुळतात.

लिंबूसत्व गंज संपला म्हणून थांबत नाही, पुढे धातू खातं. आता नियम केलाय : दर तासाला काढून ब्रश मारायचा, टॉर्चखाली बघायचं, आणि निघायच्या वेळी काहीही डब्यात ठेवायचं नाही. काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवून, पुसून, ताबडतोब तेल. पावसाळ्यात पंधरा मिनिटांत कोरड्या लोखंडावर पुन्हा पिवळट छटा येते, हे डोळ्यांनी पाहिलंय.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

सुट्टी. साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन सकाळी आठलाच गाळ्यात.

क्रॉस स्लाइडचा स्क्रू आदल्या शनिवारी नटातून सुटला होता. त्यालाही मागे-पुढे करत दीड तास लागला. नट गनमेटलचा असल्यामुळे त्याला बत्ती दाखवली नाही, ॲसिडही नाही. नटाच्या आत राहिलेला स्क्रूचा भाग नवा वाटावा इतका चकचकीत. बाहेरचा भाग मात्र खरबुडा, नटाच्या दोन्ही बाजूंना गंजाची कडी जमलेली.

ॲसिडचा अनुभव ताजा होता, म्हणून हा स्क्रू विजेने साफ केला. प्लास्टिकची लांब कुंडी, पाच लिटर पाणी, मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट. स्क्रू निगेटिव्हला, पॉझिटिव्हला बांधकामाच्या सळईचे चार तुकडे, स्क्रूच्या चारही बाजूंना. एकाच बाजूला सळई ठेवली तर तेवढीच बाजू साफ होते. वायरी उलट लागल्या तर सळईऐवजी तुमचा जॉब विरघळेल, म्हणून चालू करायच्या आधी दोनदा बघा. सळईच्या जागी स्टीलचा चमचा किंवा ताटली कधीही लावू नका, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे खिडकी उघडी आणि जवळपास ठिणगी नको. कडक केलेले ॲलन स्क्रू मी यात घालत नाही, ते हायड्रोजनने ठिसूळ होऊ शकतात. हा स्क्रू मऊ पोलादाचा आहे.

सहा तास लागले. जवळच बसून राहिलो. पाण्यावर तपकिरी फेस आला आणि आट्यांवरचा गंज काळ्या मऊ लगद्यात बदलला. तो साध्या ब्रशने निघाला. मुख्य फायदा हा की चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. स्क्रूवर खड्डे उरलेत, पण कडा शाबूत आहेत.

मग सुतळी. हे मामांनी फोनवर सांगितलं. सुतळीला तेल आणि अगदी बारीक एमरीची पूड लावायची. स्क्रू दोन सेंटरच्या मध्ये नाही तर व्हाइसमध्ये लाकडाच्या फळ्यांत धरायचा. सुतळीचा एक वेढा आट्याच्या खाचेत घ्यायचा, दोन्ही टोकं दोन हातांत धरून ओढायची, बूट पॉलिश करतात तशी. सुतळी आपोआप खाचेतून पुढे सरकत जाते. ती दोन्ही भिंतींना सारखी घासते आणि ॲक्मेचा सपाट तळही सुटत नाही. इतर ठिकाणी मी वायर ब्रश ड्रिलला लावून बघितला होता. त्याने आट्यांची टोकं गोल होतात, तळाला गंज तसाच राहतो. सुतळीला दोन तास लागले, बोटांना फोड आले, पण या कामात इतकं समाधान दुसऱ्या कशाने मिळालं नाही. नंतर रॉकेलने तीन वेळा धुतलं. एमरीचा एक कण जरी राहिला तरी तो गनमेटलच्या नटात रुतून बसेल आणि स्क्रूला जन्मभर खात राहील.

जोडून बघितलं. हँडल एका बोटाने फिरतं. मोकळी चाल डायलवर १४ रेषा, म्हणजे १४ थाउ (इंचाचे हजारावे भाग). एवढी झीज साफसफाईने भरून येणार नाही, नट नवा करावा लागेल. ते नंतर.

२१ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

मामांना रिक्षाने गाळ्यात आणलं. पाच वर्षांनी आले. आल्या आल्या त्यांनी लेथच्या नाकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डाय मारू नकोस हं यावर."

माझ्या डोक्यात तेच होतं. १⅛ व्हिटवर्थ फॉर्म, १२ आट्यांचा डाय (दांड्यावर बाहेरून आटे पाडायचं हत्यार) कुठूनतरी मिळवायचा आणि फिरवायचा. त्यांनी का नको म्हटलं ते नीट समजून घेतलं. डाय ठेचलेल्या टोकाकडून सुरू होतो, म्हणजे जिथे वाटच मोडलेली आहे तिथून त्याला वाट शोधायची असते. जरा तिरका बसला की चांगले आटेही कापत जातो. दुरुस्ती नेहमी चांगल्या आट्याकडून वाईट आट्याकडे करायची. चांगला आटाच वाट दाखवतो.

छोट्या बोल्टला यासाठी सोपी युक्ती आहे. त्याच मापाचा नट घ्यायचा, हॅक्सॉने एका बाजूने चिरायचा, किंचित फाकवून ठेचलेल्या भागाच्या मागे चांगल्या आट्यांवर बसवायचा, व्हाइसने दाबायचा आणि बाहेरच्या दिशेला सोडत आणायचा. टूलपोस्टचा स्टड मी असाच ठीक केला, दहा मिनिटांत. स्पिंडलच्या नाकाला असा नट नाही, म्हणून दुसरा मार्ग : लेथने स्वतःचंच नाक दुरुस्त करायचं.

आधी गंज. हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडलचं घर, उघडायचा नव्हता, म्हणून बेअरिंगच्या बाजूला चिंधी कोंबून पितळी ब्रश आणि एटीएफने घासलं. मग भिंग लावलं. पहिल्या आट्याचं टोक एका जागी पूर्ण आडवं झालेलं, त्यावर हातोडीच्या तोंडाची कड उमटलेली. दुसरा आटा दोन ठिकाणी बसलेला. तिसऱ्यावर एकच ओरखडा. चौथ्यापासून पुढे स्वच्छ.

तिकोनी कानसने फक्त वर आलेला बर (धातूची उठलेली कड) उतरवला. तिकोनी कानसचा कोन ६० अंशांचा, आट्याचा ५५. तिला खाचेत तळापर्यंत नेलं तर तळ बिघडतो. म्हणून एका वेळी एकाच भिंतीवर, वरच्या वर.

२८ जुलै, रविवार

मामा आज आले नाहीत, पण सगळं वहीत लिहून दिलं होतं.

लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला ८ आट्यांचा, हवेत १२. स्पिंडलकडे ४० दातांचा गिअर, लीड स्क्रूकडे ६०. मोटरचा प्लग काढून खिशात ठेवला. सगळं काम पट्ट्याची पुली हाताने फिरवून.

टूल ५५ अंशांच्या गेजवर घासून तयार केलं. याला तीन प्रयत्न लागले, दोनदा टोक निळं पडलं. हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) बंद केला, मोकळी चाल खाऊन टाकण्यासाठी पुली दीड फेरा पुढे फिरवली आणि मग टूल पाचव्या आट्याच्या खाचेसमोर आलं तिथे थांबवलं. आता हाफ नट शेवटपर्यंत उघडायचा नाही. क्रॉस स्लाइड आणि तिच्यावरची छोटी स्लाइड, म्हणजे कंपाउंड, दोन्ही सरकवत टूलचं टोक खाचेत अलगद बसवलं. खाली पांढरा कागद धरला होता. दोन्ही भिंतींशी उजेडाची रेघ सारखी दिसली तेव्हा बसलं असं धरलं. तेवढ्यालाच पाऊण तास गेला.

टूल मागे घेतलं, पुली उलटी फिरवून नाकाच्या बाहेर आलो, टूल पुन्हा त्याच आकड्याच्या दहा रेषा अलीकडे आणलं आणि सुलटं फिरवलं. पहिल्या आट्यावरून केसासारखी बारीक कात, म्हणजे धातूची साल, निघाली. दुसऱ्यावर दोन ठिकाणी चरचर. चौथ्यावर काहीच नाही, टूल नुसतं खाचेतून जात होतं. चांगल्या आट्यावर टूल कापत नसेल तरच ते जागेवर बसलंय. तिथे भुगा निघाला असता तर थांबून पुन्हा जुळवावं लागलं असतं.

दोन-दोन रेषांनी पाच फेऱ्या. शेवटच्या फेरीत आटे संपून गुळगुळीत रजिस्टर सुरू होतं तिथे टूल जेमतेम एक मिलिमीटर दूर थांबलं. मोटरवर हे केलं असतं तर रजिस्टरवर ओरखडा ठरलेलाच होता. चक सरळ बसतो तो या गुळगुळीत रजिस्टरमुळे आणि मागच्या खांद्यामुळे, आटे फक्त त्याला ओढून धरतात. त्यामुळे पहिला आटा थोडा बारीक झाला तरी चालतं, रजिस्टर मात्र जपावं लागतं.

तरी चक दोन फेऱ्यांत अडकला. मी पुन्हा नाकावर टूल लावणार होतो. मग आधी आटे काळ्या मार्करने रंगवले, चक अडेपर्यंत फिरवून काढला. नाकावरची शाई कुठेच खरवडलेली नव्हती, तर समोर काळा चिकट गोळा लागला होता. दोष चकच्या बॅकप्लेटमध्ये, म्हणजे नाकावर चढणाऱ्या मागच्या चकतीत, होता. वाळलेलं ग्रीस आणि जुनी कात खाचेत दगडासारखी बसलेली.

मोडक्या छत्रीची एक काडी घेतली, टोक काटकोनात वाकवून दगडावर अणकुचीदार केलं. ते टोक खाचेत ठेवून चक हाताने फिरवला की काडी आट्यांच्या वाटेने आत जाते आणि मळ पुढे ढकलते. चहाचा चमचाभर घाण निघाली. त्यानंतर चक नाकावर अंगठ्याने फिरत गेला आणि शेवटी खांद्याला 'टप्' असा टेकला.

१० ऑगस्ट, शनिवार

अर्धी सुट्टी टाकून नागदेवीच्या हत्यार बाजारात. मस्जिदला उतरून चालत गेलो. ५/१६ बीएसएफचा टॅप पाचव्या दुकानात मिळाला, तीनचा सेट ७२० रुपये. दुकानदार म्हणाले, जुन्या विलायती मोटरसायकलवाले नेतात म्हणून ठेवतो. एम १२ चा सेट ४५०, १०.२ मिमीचं ड्रिल १८०, हिरवं रिटेनिंग कंपाउंड (धातूला धातू चिकटवायचं द्रव्य) ३२०.

२ बीएचे स्क्रू कुठेच नाहीत. एकाने एम ५ पुढे केला. आधी मी मान हलवली, एम ८ चा प्रकार आठवला. पण गाडीची वाट बघताना मांडून बघितलं. २ बीएची पिच ०.८१, एम ५ ची ०.८. पाच आट्यांत फरक ०.०५ मिमी, म्हणजे नगण्य. शिवाय २ बीए ४.७ मिमीचा, एम ५ पाचाचा. नवा आटा जुन्याला गिळून टाकतो. इथे बदल चालतो, तिथे चालत नव्हता, आणि कारण एकच : पिच. पुढच्या शनिवारी फेरी नको म्हणून मस्जिदहून परत फिरलो आणि ६० रुपयांचे एम ५ चे ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू घेतले.

११ ऑगस्ट, रविवार

सॅडलचं बिघडलेलं भोक. बोल्ट मूळ मापाचाच ठेवायचा होता, म्हणून आत पोलादी बुश, म्हणजे आटे पाडलेली नळी : बाहेरून एम १२, आतून ५/१६ बीएसएफ. भिंत मिलिमीटरभरच उरते, पण लॉकच्या बोल्टला तेवढी पुरते.

सॅडल उतरवून शेजारच्या गाळ्यातल्या ड्रिलिंग मशीनवर बांधला. हँड ड्रिलने हे करू नये, भोक तिरकं गेलं तर बुशही तिरका. १०.२ ने भोक, मग एम १२ टॅप. बीड कोरडंच टॅप केलं, तेलाने भुग्याचा चिखल होऊन टॅप अडतो.

पहिला बुश फुकट गेला. शेजारच्या टर्नरभाऊंच्या लेथवर बाहेरचे आटे पाडले, तोडून वेगळा केला आणि मग आतून टॅप मारायला व्हाइसमध्ये धरला. पातळ भिंत, लंबगोल झाला. दुसऱ्या वेळी क्रम बदलला. बार चकमध्ये असतानाच ६.८ चं ड्रिल आणि आतले आटे, मग बाहेरून डाय, आणि सगळ्यात शेवटी तोडणं. टर्नरभाऊंना दोन्ही वेळचे मिळून ५०० दिले. ते घ्यायला तयार नव्हते.

भोक आणि बुश ॲसिटोनने दोनदा पुसले, तेलाचा अंश राहिला तर कंपाउंड धरत नाही. बुश घालायला वापरलेल्या बोल्टला ग्रीस फासलं, नाहीतर तोही आत चिकटला असता. चोवीस तास हात लावायचा नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सॅडल चढवला. जिबची पाचही भोकं ४.२ ने मोकळी करून एम ५ टॅप मारला. पाचव्या भोकात टॅप जड वाटला तेव्हा थांबलो, काढला, भुगा झटकला, पुन्हा घातला. जून महिन्यात हे सुचलं नव्हतं. सॅडलचा लॉक बोल्ट हाताने पूर्ण आत गेला आणि पान्ह्याच्या पाव फेऱ्यात घट्ट झाला.

२५ ऑगस्ट, रविवार

मामांसमोर पहिली कात. चकमध्ये ग्राउंड बार धरून डायल लावला, लोळणं, म्हणजे फिरताना बाजूला हलणं, ०.०८ मिमी. जुन्या तीन जबड्यांच्या चकला हे चांगलंच म्हणायचं. वीस मिमीचा एमएस (मऊ पोलादाचा) बार अठरावर आणला. मामांनी दिवा सरकवून बारवर उजेड तिरका पाडला, बघितलं आणि मला म्हणाले, "आता तू बाजूला हो." पुढचा तासभर तेच चालवत होते, स्टुलावर बसून.

खर्च : पिच गेज २६०, एटीएफ ३८०, ॲसिटोन १४०, लिंबूसत्व १२०, सोडा ४०, बीएसएफ टॅप ७२०, एम १२ टॅप ४५०, ड्रिल १८०, कंपाउंड ३२०, ग्रब स्क्रू ६०, टर्नरभाऊ ५००. एकूण ३,१७० रुपये. एम ५ चा टॅप मामांच्या पेटीतला. यातले बीएसएफ टॅपपासून टर्नरभाऊंपर्यंत, ग्रब स्क्रू वगळता, २,१७० रुपये माझ्या त्या एका टॅपमुळे. वेळ साधारण ४६ तास, त्यातले पंधरा चुका निस्तरण्यात.

ताडपत्री फेकून दिली. आता जाड सुती चादर टाकतो आणि आत पंधरा वॉटचा दिवा रात्रंदिवस चालू असतो, त्या उबेने ओल धरत नाही. दिव्याला पत्र्याचं कवच घातलंय, चादर टेकू नये म्हणून. चक काढला की नाकावर ग्रीस लावून प्लास्टिकच्या डब्याचं झाकण बसवतो. टॅप-डायच्या पेटीत मामांच्या सांगण्यावरून कापराची वडी.

क्रॉस स्लाइडचा नट राहिलाय. गनमेटलचा तुकडा मामांच्या पेटीत सापडला आहे, डावा ॲक्मे टॅप मात्र आम्हालाच करावा लागेल. त्यासाठी सिल्व्हर स्टीलचा (हत्यारं करायच्या पोलादाचा) बार आणलाय. गणपतीनंतर सुरुवात.